अंजनाबाईंच्या देवाची घनता

आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला सुबोध सर आले आणि शाळेतली एकही वस्तू जागेवर राहिली नाही. खिचडीच्या खोलीतली परात गेली, ती नववीच्या वर्गात मैदा भरलेली सापडली. मैद्यावर लाल रांगोळीचा थर, आणि मुलं स्टुलावर उभी राहून वरून गोट्या सोडत होती. चंद्रावर खड्डे कसे पडले ते त्यांना कळावं म्हणून. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते, आणि अलंकार समजावून सांगताना अंगावर मैदा उडालेला मला चालत नाही. तसं मी सरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "रत्नप्रभा मॅडम, तुम्हीपण एक गोटी टाकून बघा ना." मी टाकली. मजा आली, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही.

लघुग्रह हा त्यांचा जीव की प्राण. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडांचा मोठा पसारा फिरतोय, त्यातले तुकडे भरकटतात, काही पृथ्वीवर येऊन पडतात, हे पुस्तकात चार ओळींत आहे. सरांना चार ओळी पुरत नव्हत्या. त्यांनी मुलांना गच्चीवर नेलं, पन्हाळ्यातली धूळ गोळा करायला लावली आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवला. आकाशातून पडलेले बारीक कण त्यात असू शकतात म्हणे. शिपाई मात्र खूश होता, कारण वर्षानुवर्षं तुंबलेली पन्हाळी फुकटात साफ झाली.

मग सरांनी फर्मान काढलं की घरी, गल्लीत, कुठंही विचित्र दगड दिसला तर आणा. आपण तपासू. तपासण्या तीन: लोहचुंबक ओढतो का, वरची साल जळाल्यासारखी काळी आहे का, आणि दगड आपल्या आकाराच्या मानाने किती जड आहे. हा शेवटचा प्रकार म्हणजे घनता. दगडाचं वजन करायचं, मग तो काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडायचा आणि सांडलेलं पाणी मोजायचं. आपला मुंबईचा साधा काळा दगड पाण्याच्या तिप्पट जड असतो, कधी थोडा कमी. अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, बहुतेक वेळा साडेतीनपटीच्या आसपास जातो.

दुसऱ्या दिवशी वर्गात एवढे दगड जमले की पाया घालता आला असता. कृणाल नावाचा एक बडबड्या मुलगा आहे, त्याचा मामा चारकोपच्या कारखान्यात कामाला. त्याने लोखंड वितळवायच्या भट्टीतल्या मळीचा गोळा आणला आणि छातीठोकपणे सांगितलं की हा आकाशातून पडताना मामाने स्वतः पाहिला. गोळा भोकाभोकांचा निघाला. "तुझ्या मामाला सांग, अशनीला भोकं नसतात," सर म्हणाले. एकेक करून सगळे दगड बाद झाले. वर्ग हिरमुसला.

तेव्हा मागच्या बाकावरून पूर्वी नावाची मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे एक आहे. पण तो देव आहे."

पूर्वी वेसाव्याची, कोळीवाड्यातली. तिचे आईवडील पहाटे माल उचलायला बाहेर पडतात, त्यामुळे ती वाढली आजीच्या हाताखाली. आजी म्हणजे अंजनाबाई. आमच्या शाळेजवळच्या मासळी बाजारात त्या बसतात. मी त्यांच्याकडूनच मासे घेते आणि भावावरून दर वेळी आमचं वाजतं. पूर्वीचे आजोबा हरेश्वर यांच्या जाळ्यात, लग्नाच्याही आधी, एकदा माशांऐवजी हा दगड आला. त्यांनी तो परत पाण्यात टाकला नाही. घरी आणला, शेंदूर लावला, आणि तेव्हापासून तो घरचा देव झाला. हरेश्वर गेले. देव राहिला.

देव शाळेत येणार म्हटल्यावर अंजनाबाई त्याला एकटं कशाला सोडतील? माशांची नवी कोरी टोपली, त्यात पिवळं कापड, कापडात देव, आणि टोपली स्वतःच्या डोक्यावर, अशा त्या प्रयोगशाळेत हजर झाल्या. सरांनी खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, टेबलाजवळ स्टूल ओढून देवापासून हातभर अंतरावर बसल्या. मी माझा तास सोडून दारात उभी होते. देव पाहायला कोण नाही म्हणणार?

नारळाएवढा गोल, लालभडक, वर शेंदराचा जाडजूड लेप. वर्षानुवर्षं दर सणाला थर चढत गेला होता, त्यामुळे नाक-डोळे असे काही नव्हते. फक्त तळाला, जिथे तो पाटावर बसतो तिथे, उघडा काळा दगड दिसत होता. तेलाने आणि दिव्याच्या काजळीने तो चकचकीत झालेला. सरांनी दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक त्या काळ्या भागाजवळ नेला. तो किंचित वळला आणि दगडाला टेकला. मुलं टेबलावर वाकली. काळी साल आहे, चुंबक वळतोय. दोन तपासण्या पार.

खिचडीच्या तांदळाचा काटा आणून वजन केलं. मग बादली.

"आंगोल घालताव ना? घाला," अंजनाबाई म्हणाल्या. "पन फडक्यानं पुसायचं नाय. सुकू दे आपोआप."

देव बादलीत गेला. पाणी काठावरून खालच्या घमेल्यात सांडलं. सर मुलांना काहीतरी सांगायला वळले, आणि तेवढ्यात अंजनाबाईंनी घमेल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. नातीच्या कपाळाला लावलं. मग शेजारी बसलेल्या कृणालच्या हातावर थोडं सोडलं, तोही भाविकपणे ते तोंडाकडे न्यायला लागला.

"आजी! ते मोजायचंय!" सर ओरडले. "आणि तू ते पिऊ नकोस रे, शेंदूर पोटात जाऊ नये!"

"तीर्थ हाय त्यो," अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या.

सगळं पुन्हा करावं लागलं. या वेळी घमेल्यापाशी दोन मुली राखणीला उभ्या केल्या. पूर्वीने भागाकार केला, फळ्यावर लिहिला, पुसला, पुन्हा केला. उत्तर तेच. देव पाण्याच्या साडेतीनपटीहून थोडा जास्त जड होता.

वर्गात जो गलका झाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. सरांचा चेहरा मी विसरणार नाही. कितीतरी वर्षं मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवून थकलेला माणूस, आणि आज टेबलावर खरा लघुग्रहाचा तुकडा. ते फळ्याकडे बघत होते, मग देवाकडे, मग परत फळ्याकडे. आणि त्या भरात त्यांनी सांगून टाकलं की असा दगड सापडला की सरकारच्या भूशास्त्र खात्याला कळवायचं असतं. तिथले अधिकारी येऊन तो घेऊन जातात, त्याची चकती कापून आतलं तपासतात, आणि खरा निघाला तर संग्रहात ठेवतात.

"आणि खोटा निघाला तर?" पूर्वीने विचारलं.

"तर परत देतात."

"कापलेला?"

अंजनाबाईंनी देव कापडात गुंडाळला, टोपलीत ठेवला आणि निघून गेल्या. पूर्वी मात्र जागची हलली नाही. तिनेच आणला होता ना देव शाळेत. आजी नको म्हणत होती, हिनेच हट्ट केला होता.

तोवर सरांची मेल गेलेली होती. खात्याकडून उत्तरही झटपट आलं. सोमवारी माणूस येईल, नमुना ताब्यात घेईल. सरकारी खातं एरवी इतकं तत्पर कधी असतं, पण इथे नको तेव्हा तत्परता. मुख्याध्यापकांनी लगेच फलकाचा मजकूर माझ्याकडून शुद्ध करून मागितला: 'आमच्या शाळेच्या विद्यार्थिनीस अशनी सापडला.' कृणालने व्हिडिओ करून सगळीकडे पाठवला. त्यात तो स्वतःच जास्त दिसत होता.

मी बाजारात गेले तर अंजनाबाईंनी भावच सांगितला नाही. बोंबील तसेच पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "बाय, येक सांगा. आबालातून पडला म्हंजे त्यो सरकारचा कसा? दर्यातून आला तवा कोन नाय आला इचाराला."

मी पिशवीची गाठ मारत राहिले. मराठीच्या शिक्षिकेला सगळ्याची उत्तरं येतात असं लोकांना वाटतं, आणि मीही एरवी तसंच वागते.

"माज्या घरातून त्याला नेला तर मी दिवा कनाला लावू?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि हात मासे साफ करत होते. मला सुबोध सरांचा रागच आला. त्यांच्या लघुग्रहांचा, घनतेचा, त्या परातीचाही. बाईचं घर सुरळीत चाललं होतं, याला कशाला पडली होती बादलीत देव बुडवायची?

तो राग घेऊनच मी शाळेत पोचले आणि थेट प्रयोगशाळेत शिरले, तर पूर्वी माझ्याआधीच तिथे उभी. तिच्या हातात कागदाची पुडी होती. देव पाटावर परत बसवताना लेपाची एक खपली पडली होती, ती तिने जपून ठेवली होती. बोटाच्या पेराएवढी, लाल.

"सर, हे धरून बघा ना."

सरांनी तळहातावर घेतली. भुवया वर गेल्या.

"जड लागतंय ना?" पूर्वी म्हणाली. "मी मोजलं. बारीक नळकांड्यात पाणी घेऊन. सर, हा शेंदूरच दगडापेक्षा जड आहे. आपण देव मोजला, दगड नाहीच मोजला. वाट लागली ना सगळ्याची?"

सरांनी खपली उजेडाकडे धरली. जुन्या शेंदरात शिसं असतं. हे सरांनी मला नंतर समजावून सांगितलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. कृणालला ते पाणी पिऊ नको म्हणून ओरडले होते ते ह्याच शिशापायी, पण तेच शिसं काट्यावरही चढतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. जगातल्या कुठल्याही पुस्तकात लघुग्रहाला शेंदूर फासलेला नसतो, मग लक्षात कसं येणार? आणि चुंबक तर आपल्या काळ्या दगडाकडेही थोडा वळतोच, त्यातही लोहाचा अंश असतो. तळाची काळी साल म्हणजे काजळी. एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर गळून पडत होती, आणि मला वाटलं आता हे काहीतरी सबब काढतील. हातात आलेला अशनी कोण सोडेल?

"मला पण तो खरा हवाय गं," ते म्हणाले. मग खपली तिच्या हातावर परत ठेवली. "पण तुझं बरोबर आहे. आत दगड किती आणि लेप किती, हे लेप काढल्याशिवाय कळणार नाही. तोवर माझा आकडा खोटा."

माझा राग तिथेच गेला. मी लगेच कोणाला माफ करणारी बाई नाही, पण गेला.

आता अडचण वेगळी होती. त्यांच्या घरात लेप माणसाने काढायचा नसतो. तो भरला की आपोआप सुटतो, देव स्वतः कवच टाकतो, आणि मग ते कवच दर्यात सोडायचं. असं हरेश्वर सांगत, पण या देवाने अजून एकदाही कवच टाकलं नव्हतं. हाताने काढणं म्हणजे देवाची कातडी ओढणं. पूर्वीने आजीला सगळं सांगितलं तेव्हा सर आणि मी तिच्या घरी ओटीवर बसलो होतो. बाहेर जाळी सुकत होती. अंजनाबाई ऐकून घेत होत्या, मधेच पदर चाचपत होत्या.

"म्हंजे लेप काडला तर त्यो जानार नाय?"

"साधा दगड निघाला तर नाही जाणार," सर म्हणाले. "खरा निघाला तर मात्र..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्या क्षणी ते न सांगणंच मला जास्त आवडलं असतं.

अंजनाबाई उठल्या. खोबरेल तेल कोमट केलं, देवाला पाटावरून उचलून मांडीवर घेतलं. सरांनी शिशाचं भय सांगून रबरी हातमोजे पुढे केले. "देवाला मोजं घालून हात लावू?" एवढंच त्या म्हणाल्या आणि सरांनी मोजे खिशात घातले. तेल चोळत चोळत त्या त्याच्याशी बोलत होत्या. काय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. मग थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "त्याच्या मनान नसंल तर निंगनार नाय. मी वडनार नाय."

बराच वेळ काहीच झालं नाही. पूर्वीचा हात मी धरला होता, की तिने माझा धरला होता, आठवत नाही. अखेर तळाकडून एक फट दिसली. अंजनाबाईंनी अंगठा आत सरकवला, आणि कवच दोन तुकड्यांत त्यांच्या हातात आलं, आतून गुळगुळीत, वाटीसारखं. मांडीवर उरला तो एक काळा दगड, मोठ्या कांद्याएवढा.

त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी त्याला वाढतानाच पाहिलं होतं.

"एवराच हाय गो त्यो?" त्या नातीला म्हणाल्या.

त्या आवाजात जे होतं ते ऐकून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सरही जाळ्यांकडे बघत बसले. कवच त्याच संध्याकाळी भरतीला दर्यात गेलं. अंजनाबाईंनी स्वतः सोडलं आणि मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच त्या टोपली घेऊन आल्या. खात्याचा माणूस दुपारी यायचा होता. वर्ग दाटीवाटीने टेबलाभोवती उभा. मुलांना सगळं कळलेलं होतं आणि दोन तट पडले होते. कृणालचा तट अशनीच्या बाजूचा. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्या वयात शाळेचं नाव वर्तमानपत्रात यावं असं कोणाला वाटत नाही? पूर्वी एकटी दुसऱ्या बाजूला, आणि तिला काय व्हायला हवंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सरांनी तिला काट्याजवळ येऊ दिलं नाही. वजन कृणालने केलं. बादली त्याने भरली. दगड त्याने सोडला, अगदी हळू, शिंतोडा न उडवता. सांडलेलं पाणी त्यानेच मापात ओतलं आणि डोळे पाण्याच्या रेषेशी आणून वाचलं. अंजनाबाईंनी या वेळी तीर्थाला हात लावला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून त्या बसल्या होत्या.

कृणालने फळ्यावर भागाकार केला. मधे एकदा तो थांबला आणि सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली नाही, काही सुचवलं नाही. मग त्याने उत्तर लिहिलं. तिपटीहूनही किंचित कमी. मुंबईत पायाखाली असतो तोच काळा दगड.

कृणालने खडू ठेवून दिला आणि पूर्वीकडे बघून म्हणाला, "तुझं बरोबर आलं यार." पूर्वीने तोंडावर दोन्ही हात दाबले आणि हमसाहमशी रडायला लागली. सर खाली बसले, अंजनाबाईंच्या स्टुलाशी, गुडघ्यावर. इतक्या वर्षांत त्यांना सापडलेला एकमेव लघुग्रह आत्ताच त्यांच्या हातून गेला होता. तरी त्यांना काळजी होती ती अंजनाबाईंना कसं सांगायचं याची. घरचा देव आकाशातला नाही, गल्लीतल्या कुठल्याही दगडासारखा आहे, हे एखाद्या म्हाताऱ्या बाईला कोणत्या शब्दांत सांगतात?

"आजी," ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. हा साधाच दगड आहे. आकाशातून वगैरे आलेला नाही. म्हणजे तुमच्या श्रद्धेला मी काही म्हणत नाही, पण विज्ञानाच्या दृष्टीने याला काहीच..."

अंजनाबाईंनी तोवर बादलीतून देव उचलला होता. पाणी निथळू दिलं, पुसलं नाही. पिवळ्या कापडात ठेवला, टोपलीत ठेवला, टोपली डोक्यावर घेतली.

"मंग नेव का घरा?" त्यांनी विचारलं.